अव्वा, पाणी दे

रामकिशन एसटीत कंडक्टर. लातूर–किल्लारी ही त्याची रोजची गाडी आणि नाटक हे त्याचं वेड. पण रंगमंच त्याला सोसायचा नाही. "गोष्ट जिथं घडली तिथंच नाटक करावं," असं तो म्हणे. मुरुडच्या बाजारातल्या रिकाम्या शेडमध्ये त्यानं एक नाटक केलं, एक तर कोरड्या विहिरीत. नट तळाला, बघणारे काठावर. बायको शिवकन्या हात जोडून म्हणायची, "देवा, माझं देवघर तेवढं या माणसाच्या नजरेला पडू देऊ नको. तिथंबी पात्रं आणून बसवील!"

तालमीत त्याच्या हाती शिट्टी असे. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की पुढं. गाडीच्या घंटीचीच रीत.

गुरम्मा त्याच्या गाडीतली नेहमीची म्हातारी. भूकंपात तिची सात वर्षांची चन्नी गेली. नव्या किल्लारीत घर मिळालं, तरी जुन्या गावी बाभळीत उरलेल्या आपल्या भिंतीपाशी ती अधूनमधून जाऊन बसे. एकदा गाडी रिकामी होती, तेव्हा तिनं रामकिशनला सांगितलं, "गणपती बोळवून दमून आलो होतो बघा त्या रात्री. पोरगी झोपेत म्हनली, अव्वा, पाणी दे. मी म्हनले, गप झोप, मला उठवत न्हाई. तेवढंच शेवटचं." हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

रामकिशननं ते बोल नाटकात घातले. तिला विचारलं फक्त भिंतीचं.

"करा की, जागा पडूनच हाय," ती म्हणाली.

मार्चातल्या एका रविवारी, ऊन कलल्यावर प्रयोग लागला. लोक सतरंज्यांवर, दगडांवर बसले. गुरम्मा सगळ्यांत पुढं, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन. भिंतीच्या खिंडारात आडवी, चन्नी झालेली लुंबिनी, लातूरच्या कॉलेजातली मुलगी. झोपेतल्यासारखी ती म्हणाली, "अव्वा, पाणी दे."

गुरम्मा उठली. "आले गं, आले," म्हणत बाटली घेऊन तिच्यापाशी गेली.

लुंबिनी दचकली. तिनं रामकिशनकडं पाहिलं. शिट्टी त्याच्या ओठाशी होती. एकदा फुंकली असती तर तिथंच सगळं थांबलं असतं. पण त्याच्या मनाला उकळी फुटली. एवढी वर्षं आपण शोधत होतो ते हेच! त्यानं शिट्टी खाली घेतली. मग लुंबिनी बिचारी काय करणार? मान वर करून ती पाणी प्यायली. गुरम्मा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"म्हातारी कुठून धरून आणली हो, कंडक्टर साहेब? लई कसलेली हाय!" कुणीतरी म्हणालं.

रामकिशन हसला. ते आपलं हसणं पुढं त्याला जेवू देईना.

महिनाभर गुरम्मा गाडीला दिसली नाही. शेवटी तोच तिच्या घरी गेला. तिनं चहा ठेवला.

"मावशी, माझं लई चुकलं."

"काय चुकलं वो? रोज मागायची ती पाणी, माझ्या कानात. एवढी वर्षं. आता दिलं की मी. आता मागत न्हाई." तिनं स्टोव्ह बारीक केला. "पन घर लई गप झालंय, मास्तर. त्या पोरीला आना की एकदा. नुसती हाक मारू द्या."

लुंबिनीनं प्रयोगाच्या दिवसापासून नाटक सोडलं होतं. रामकिशनचा फोनही ती उचलत नव्हती.

"आणतो, मावशी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून गुरम्मा थांब्यावर येऊन उभी राहू लागली. गाडीत चढायची नाही, खिडक्या बघायची.

"आली का हो पोरगी?"

"पुढच्या खेपेला, मावशी."

असं सात-आठ दिवस चाललं. मग रामकिशननं डेपोतल्या साहेबांच्या हातापाया पडून किल्लारीऐवजी मुखेडच्या गाडीवर ड्यूटी मागून घेतली.