चौदा जणांचा उपवास

आमच्या चर्चमध्ये ‘आउटरीच’ हा शब्द आला तेव्हा मी त्याचा अर्थ सरळ घेतला होता. लोकांकडे जायचं. पुढे कळलं, लोकांकडे जायचं म्हणजे आधी बॅनर छापायचं. त्यावर पाळकांचा फोटो केवढा आणि समितीच्या सचिवांचा केवढा, यावर तीन बैठका झाल्या. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात; खरे होते ते फक्त समोसे. मी शाळेतून रिटायर झालेली, घरी एकटी, म्हणजे यांच्या हिशेबी रिकामटेकडी, म्हणून मलाही समितीत घेतलं. गाव शोधणं माझ्याकडे आलं.

मी मुर्री सुचवलं. गोंदियाला चिकटलेलं गाव, त्यात शोधायचं काय? मी नोकरीत असताना ज्याच्या ऑटोने रोज शाळेत जायचे तो ऑटोवाला तिथला. सकाळी ऑटो, बाकी वेळ धानाची शेती. त्याच्या आईचा एक डोळा कधीचाच गेलेला आणि दुसऱ्यात मोतीबिंदू. आमच्या ओळखीच्या एका दवाखान्याचे डॉक्टर तपासायला यायला आणि ऑपरेशन फुकट करून द्यायला तयार होते. शिबिर ऑटोवाल्याच्याच अंगणात ठरलं. शेजाऱ्यांनी त्याला सांगून पाहिलं, “बापा, हे लोक डोरे तपासता तपासता धरम बदलवतात.” त्याने कानावर घेतलं नाही. आईला दिसलं पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं.

तारीख सचिवांनी काढली. रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होते, तेव्हापासून उंटावरून शेळ्या हाकायची सवय. त्यांनी ऐन धानकापणीतला शनिवार निवडला. बॅनरवर शास्त्रातली ओळ होती, पीक भरपूर पण कापणारे कमी, अशा अर्थाची. गावातली बायकामाणसं विळे घेऊन धानाच्या बांध्यांत, आणि आम्ही चौदा जण त्यांच्या रिकाम्या गावात ते बॅनर बांधतोय. मला हसू आवरेना. पाळकांना वाटलं मी आनंदात आहे.

कापणीला न गेलेले चार म्हातारे आले, त्यांचेच फोटो फिरवून फिरवून काढले. डॉक्टर मात्र कामाचा माणूस होता. त्याने ऑटोवाल्याच्या आईचा डोळा नीट पाहिला आणि सांगितलं की मोतीबिंदू पिकलाय, आता दिवस काढू नका, नाहीतर हाही हातचा जाईल. पुढच्या गुरुवारची तारीख दिली. म्हातारीने मान डोलावली. मुलाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्याने मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग जेवण आलं. त्या घरी त्या दिवशी नवं खायचं होतं. नव्या धानाचा पहिला भात देवाला दाखवायचा, मग पाहुण्यांना, मग घरच्यांनी खायचा. आम्ही येणार म्हणून त्यांनी मुद्दाम तो दिवस धरला होता. नव्या तांदळाची खीर, वडे, वांग्याची भाजी. पळसाच्या पत्रावळी मांडून सून भाताने भरलेला गंज घेऊन आली. सचिव माझ्या कानाशी लागले, “सिस्टर, ये तो चढ़ावे का है. हम कैसे खाएँगे?” मी पाळकांकडे पाहिलं. पाळक आभाळाकडे पाहत होते.

बॅनरवरची ओळ ज्या अध्यायातली, त्याच अध्यायात थोडं खाली, जे घर दार उघडेल तिथे समोर येईल ते खावं असं आहे. पण आमच्या समितीचं वाचन बॅनरपुरतं. आणि मी? मला तर ते येत होतं, वर्षानुवर्षं रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं होतं. पण मी तोंड उघडलं ते म्हणायला, “माय, आज आमचा उपवास आहे.”

“सगळ्याइचा?” सुनेने विचारलं.

“हो, सगळ्यांचा.”

तिला जराही संशय आला नाही. गंज खाली ठेवून ती आत पळाली आणि दूध आणि केळी घेऊन आली. “उपासाले केरी चालतात ना जी?” मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण लाज वाटून तरी काय, मी केळं घेतलं.

मंडळी मात्र निघाली. गाडी घरामागे उभी होती. आत चर्चच्या बायकांनी बांधून दिलेल्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लोणचं. काचा वर करून, पण मागचं दार उघडंच ठेवून, सगळे उपवासकरी तुटून पडले. मी शिबिराचे कागद गोळा करत ओसरीवर मागे राहिले होते. म्हातारीने हवेत नाक वर केलं.

“मॅडम,” ती म्हणाली, “तुमच्या उपासाले लोणचं चालते?”

मी कागद घेऊन गाडीत जाऊन बसले.

गुरुवारी दवाखान्याची गाडी तिच्या दारातून रिकामी परत गेली. ऑटोवाल्याने फोनवर मला तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले: “ज्याइले आमच्या घरचा घास चालत नाही, त्याइच्या हाती डोरा कायले देऊ?” मी ते बैठकीत सांगितलं. सचिवांनी अहवालात लिहिलं की गावातल्या लोकांची मनं कठीण आहेत, प्रार्थनेची गरज आहे. पाळक आमेन म्हणाले. त्या दोघांचा मला जेवढा तिरस्कार वाटला तेवढा मी आयुष्यात कोणाचा केला नाही. पण उपवास त्यांनी नव्हता काढला, मी काढला होता. डोळा गेला असता तर तो माझ्या खोटेपणाने गेला असता.

रविवारी उपासनेला न जाता मी मुर्रीला गेले. म्हातारी ओसरीवर तांदूळ निवडत होती, बोटांनीच. मी म्हटलं, “माय, उपवास नव्हता. मी खोटं बोलले.”

“ठाऊक हाय,” ती म्हणाली. “पन काऊन?”

“भ्याले.”

“कोनाले? त्या लोणचंवाल्याइले?”

यावर सून आतून हसली. मग म्हातारीने तिला हाक मारून मला जेवायला वाढायला सांगितलं. सकाळचा गार भात आणि वांग्याची उरलेली भाजी. मी जेवत असताना ती समोर बसून राहिली, आणि संपल्यावर तिने हात पुढे करून माझं ताट चाचपून पाहिलं. रिकामं होतं. नवी तारीख घेऊन मीच तिला ऑटोतून दवाखान्यात नेलं. डोळा वाचला.

वाचला तशी समिती धावली. नाताळच्या जेवणाला तिला खास बोलावणं गेलं. ती हिरवं लुगडं नेसून, नवा चष्मा लावून मुलाबरोबर आली. तिला पहिल्या पंगतीत मधोमध बसवलं, मागे तेच बॅनर. फोटोवाला तयार, आणि मटणभात वाढायला स्वतः सचिव, हातात पळी घेऊन. पाळकांनी डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली. म्हातारीने डोळे मिटले नाहीत. एकेकाचा चेहरा नीट पाहून घेत होती.

“का म्हनून राहिले हे?” तिने मला विचारलं.

“जेवण देवापुढे ठेवताहेत. आशीर्वाद मागताहेत.”

“आमी दाखवतो तसंच?”

“तसंच, माय.”

तिने सचिवांकडे वर पाहिलं. सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तुमच्या देवाले दाखवून झालं ना? मंग वाढा जी. मले चालते.”

आणि पत्रावळ पुढे सरकवली.