काशिराम घरताचं उलटं स्टेअरिंग

शिरढोणच्या काशिराम घरताला डावीकडे वळायचं असलं, की तो आधी स्टेअरिंग पाव चक्र फिरवायचा, मग गाडीला विचार करायला थोडा वेळ द्यायचा, आणि तेव्हा कुठे चाकं वळायला घ्यायची. बावीस वर्षांत त्याच्या हातांना याची इतकी सवय झाली होती, की पळस्पे फाट्याचं वळण तो फाटा दिसायच्या आधीच घ्यायला लागे. दुसऱ्या कोणी ती पिकअप चालवायला घेतली, तर अंगणाबाहेर पडेपर्यंत त्याला घाम फुटायचा. काशिरामला याचा अभिमान होता. वास्तविक यात अभिमानासारखं काहीच नव्हतं.

दोष मिठाचा होता. काशिरामने या गाडीतून मिठागराचं ओलं मीठ वाहिलं, एक-दोन नाही, चांगली बारा वर्षं. मिठाने आधी पत्रा खाल्ला, मग स्टेअरिंगपासून खाली चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे, म्हणजे शाफ्टचे, जोड खाल्ले. पुढे मिठागर गेलं, शेतीही प्रकल्पात गेली, आणि त्या पैशांत तीन मजली बंगला आला. गेटावर सिमेंटचे दोन हत्ती आले. मुलगा मिथुन बांधकामाला रेती-खडी पुरवू लागला आणि सगळे व्यवहार फोनवरच करू लागला. घरात काशिरामवाचून अडणारं एकच काम उरलं होतं, ते म्हणजे पिकअप हलवणं. ते काम तो जिवापाड जपत होता.

आणि गाडीला कामही होतं. त्याची बायको गुणाबाई धवलारीण, म्हणजे लग्नातली मंगलगाणी, धवले, गाणारी. हळद असो की लग्न, तिचे धवले सुरू झाल्याशिवाय आगरी मांडवात पान हलत नाही. गावोगावची आमंत्रणं यायची आणि काशिराम तिला पिकअपमधून न्यायचा. मिथुनच्या थंडगार गाडीत तिचा घसा बसे. पिकअपमध्ये वारा सगळीकडून यायचा, काही ठिकाणी तर खालूनही. स्टेअरिंगच्या मधोमध गुणाबाईने एकवीरा आईचं चित्र चिकटवलं होतं. नेमकं तिथेच हॉर्नचं बटण. देवीवर अंगठा कसा दाबायचा? त्यामुळे अकरा वर्षं काशिरामने हॉर्न वाजवला नव्हता. तो खिडकीतून मान काढून ओरडायचा.

गेल्या आठवड्यात वळण जरा उशिरा लागलं आणि पिकअप नारळपाणीवाल्याच्या ढिगाऱ्यात शिरली. कोणाला लागलं नाही, पण मिथुनपर्यंत बातमी गेली.

"बाबा, आता पुरे," तो म्हणाला. "पनवेलचा भावेश हाय ना, लाद्यांचा दुकानवाला, त्याला गोडाऊनसाठी गाडी पायजे. देऊन टाकू."

"स्टेअरिंगच ढिलं हाय. शाफ्ट बदलला की झाली नवी!"

"कोण बदलनार?"

"मी! घरी! याच अंगनात!"

मिथुनने बापाकडे बघितलं. "गुरुवारी रोडपालीला हळद हाय. आईला चारच्या आत पोचवा, आनि स्टेअरिंग सरळ पायजे. तसं झालं तर मी गाडीचं नाव काढनार नाय. नायतर भावेश तिथं येनार हाय, तिथूनच घेऊन जाईल."

गुरुवारी सकाळी सातला काशिराम गाडीत उलटा झोपला. डोकं ब्रेकच्या पेडलाशी, पाय दाराबाहेर. कुंपणाच्या भिंतीवर शेजारचा कृष्णकांत येऊन बसला. एसटीच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस, निवृत्त झाल्यापासून दुसऱ्याचं काम बघणं एवढाच त्याचा धंदा.

"काश्या, खोलायच्या आधी खूण केलीस काय? वरचा दांडा नि खालचा जोड, दोघांवर एक रेघ मारायची. नायतर बसवताना कलत नाय कुठं होतं ते."

"खून कशाला? डोकं हाय ना!" आतून आवाज आला.

तेवढ्यात गुणाबाई कुंकवाची कोयरी घेऊन आली. नवा शाफ्ट तिने पाटावर ठेवून पुजला होताच. आता ती नवऱ्याच्या पोटावरून वाकली आणि वरच्या दांड्यापासून जुन्या जोडापर्यंत कुंकवाचं सरळ बोट ओढलं.

"आता ह्ये काय?"

"बावीस वर्सं राबला तो. त्याला काय असाच टाकायचा?"

"अगो, हा काय लगनाचा मांडव हाय?" असं म्हणून काशिरामने फडक्याने ती रेघ स्वच्छ पुसली. पुसून वर फडकं झटकलंही. भिंतीवर कृष्णकांतने तोंड उघडलं होतं, पण आपल्याला कोणी विचारलेलं नाही म्हणून त्याने ते परत मिटलं.

जोडाचा बोल्ट गंजून दगड झाला होता. त्याला रॉकेल पाजलं, हातोडीने समजावलं, शिव्या दिल्या. एक वाजता तो सुटला आणि काशिरामला इतका आनंद झाला, की तो स्टेअरिंगला लटकूनच उठला. शाफ्ट निघाला होता, स्टेअरिंग मोकळं होतं, ते गरकन अर्धं फिरलं. काशिराम तेव्हा भाकरी मागत होता. जेवून तो परत आत शिरला, नवा शाफ्ट बसवला, बोल्ट आवळले आणि तीन वाजायच्या आधी सीटवर येऊन बसला.

समोर एकवीरा आई डोक्यावर उभी होती.

बाहेर पुढची चाकं अगदी नाकासमोर सरळ. आत स्टेअरिंग पूर्ण उलटं.

"परत खोल," कृष्णकांत म्हणाला. "बाईंची रेघ ठेवली असतीस तर..."

"टाइम कुठं हाय?" काशिराम ओरडला, कारण गुणाबाई हिरवं लुगडं नेसून शेजारी येऊन बसलीच होती. तिने देवीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर सावरला.

"चालते ना?"

"चालते."

"मग चला."

गेटातून डावीकडे निघायचं म्हणून काशिरामने सवयीने पाव चक्र आधीच फिरवलं. पण आता शाफ्ट नवा होता. गाडीने विचारबिचार काही केला नाही, लगेच वळली, आणि दोन चाकं अंगणात वाळत घातलेल्या जवळ्यावरून गेली.

"माजा जवला!" गुणाबाई ओरडली.

हायवेवरही तेच. हात बावीस वर्षांच्या सवयीने आगाऊ फिरत आणि गाडी पहिल्या शब्दाला ऐके. पिकअप नागमोडी चालली. स्टेअरिंग उलटं असल्यामुळे इंडिकेटर लावला की वळण यायच्या आधीच टपकन बंद पडे. मागचे ट्रकवाले हॉर्न मारत होते आणि काशिराम खिडकीतून त्यांना उत्तरं देत होता.

"आवो, गाडी हाय का होडी?" गुणाबाईने दाराची कडी धरली.

"हात ऐकत नायत गं माजे," काशिराम म्हणाला, आणि ते त्याने इतक्या खालच्या आवाजात म्हटलं, की गुणाबाईने वळून त्याच्याकडे बघितलं. ही गाडी गेली तर सकाळी उठून करायचं काय, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. थोड्या वेळाने तिने हळूच धवला धरला, संथ, नवरीला हळद लावताना म्हणतात तो. त्या लयीत काशिरामचे हात सैल पडले. कळंबोली येईपर्यंत गाडी दोरी धरल्यासारखी चालू लागली.

चारला दहा कमी असताना ती दोघं रोडपालीच्या मांडवासमोर उतरली. बायकांनी गुणाबाईला हाताला धरून आत नेलं. काशिरामची छाती फुगली. मिथुन भावेशला घेऊन आला, त्याने आत डोकावलं, आणि फुगलेली छाती खाली बसली.

"बाबा! देवी उलटी कशी?"

"देवीला काय झालंय? गाडी सरळ चालते."

"मी स्टेअरिंग सरळ म्हटलेलं. ह्ये सरळ हाय?"

घरीच दुरुस्त करायचा शब्द काशिरामनेच दिला होता. त्याने किल्ली काढून पुढे केली. आयुष्यात पहिल्यांदा ती किल्ली त्याला जड वाटली.

"काका, एक चक्कर मारून बघतो हं," भावेश सीटवर बसला. "इंजिन तर मस्तच आहे तुमचं."

भावेश शहाणा ड्रायव्हर. गाडी सुरू करून त्याने समोर बघितलं, स्टेअरिंग उलटं दिसलं, म्हणजे चाकं वळलेली असणार असं त्याने धरलं. मग कोणताही शहाणा माणूस करील तेच त्याने केलं. त्याने स्टेअरिंग सरळ केलं.

पिकअप गर्रकन वळून थेट बँडवाल्यांच्या अंगावर निघाली. ढोलवाला ढोल टाकून पळाला. घाबरून भावेशने स्टेअरिंग आणखी सरळ करायला घेतलं, मग उलटं केलं, हॉर्न दाबू गेला तर अंगठ्याखाली देवी, म्हणून हात मागे घेतला, आणि खुर्च्यांच्या चळतीपासून वीतभर अंतरावर कसाबसा थांबला. मांडवाच्या तोंडाशी गाडी आडवी. मागे मुलाकडच्यांची बस हॉर्न देत होती.

भावेशने उतरून किल्ली मिथुनच्या हातात कोंबली. "मिथुनशेठ, फुकट दिलीत तरी नको."

मिथुन चढला. त्याने स्टेअरिंगकडे बघितलं, डोकं तिरकं केलं, दुसऱ्या बाजूने तिरकं केलं आणि खाली उतरला. सगळा मांडव बघत होता.

"बाबा," तो म्हणाला, "जरा गाडी हलवा ना."

काशिरामने किल्ली घेतली, कोणाकडे न बघता एका हाताने गाडी मागे घेतली आणि बसच्या कडेने सुपारीएवढी फट ठेवून भिंतीला लावली. आतून गुणाबाईचा धवला सुरू झाला होता. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, असं नंतर पुष्कळ जण म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णकांत स्वतःचे पाने घेऊन आला. "चल, दहा मिन्टांचं काम हाय. देवीला पायांवर उभी करू."

"राहू दे," काशिराम म्हणाला.

"का?"

"हाताला सवय झाली."

"एका दिवसात?"

काशिराम गाडीची काच पुसत राहिला. तेवढ्यात गुणाबाई आली. तिने एकवीरेचं नवं चित्र आणलं होतं. ते तिने उलट्या स्टेअरिंगवर जुन्या चित्राच्या वर, अगदी सरळ चिकटवलं. मग कोयरी उघडून ती खाली वाकली आणि वरच्या दांड्यापासून नव्या जोडापर्यंत कुंकवाचं बोट ओढलं.

"आता ही रेघ कशाला?" काशिरामने विचारलं.

"उद्या मिथुननं कोनाला आनून खोललंच," ती म्हणाली, "तर परत असंच उलटं बसवायला खून नको?"

काशिरामच्या हातात फडकं होतं. ते त्याने घडी करून खिशात ठेवलं.