एका भाकरीत एक बादली

त्या पंपाचा मला अजून राग आहे. पंप भंगारात जाऊन जमाना झाला, पण माझा राग काही भंगारात गेला नाही. खरं म्हणजे पंप आला होता तोही भंगारातूनच. लेथ मशीनवर गार पाणी सोडणारा, लिलावात निघालेला. नवऱ्याने तो घरच्या लायटीवर चालेल असा, नवी तार गुंडाळून, रीवाइंड करून घेतला आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरवर आणला. तोरा असा, की अख्खी फर्नेसच मागे बांधून आणली आहे.

पंप अंगणातल्या टाक्यासाठी होता आणि टाकं आत्यासाठी. आत्या म्हणजे माझ्या बापाची सख्खी बहीण आणि माझी सासू. भंडाऱ्याकडचं तिचं गाव मोठ्या तलावाचं. घाटाला दगडी पायऱ्या होत्या, पण त्या आमच्या लोकांसाठी नव्हत्या. आमच्या बायका काठावर भांडं घेऊन उभ्या राहायच्या. खाली पायऱ्यांवर उतरलेल्या एखादीच्या मनात आलं तर ती वर येऊन लांबूनच त्यात पाणी ओतायची. नाही आलं तर ढोरं उतरायची तिकडे जायचं. आत्या अशी उभी राहून राहून म्हातारी झाली. पुढे आम्ही दीक्षा घेतली, तिचा मुलगा भिलाईला पोलादाच्या कारखान्यात नोकरीला लागला, ती आमच्याकडे राहायला आली आणि एक दिवस मुलाला म्हणाली, "आंगनात पानी पायजे बाबू. पाय सोडून बसाले." तिने दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

नवऱ्याने सुट्ट्यांमध्ये विटा रचून, सिमेंट लावून टाकं बांधलं. त्याचा एक रेल्वेतला मित्र भिलाई-तीनला राहायचा, त्याने डब्यात बोटाएवढे मासे आणून दिले. कारखान्याच्या बांधकामाची लाल धूळ दिवसभर अंगणात यायची, आणि संध्याकाळी ती बसली की आत्या टाक्याच्या कठड्यावर बसून पाय पाण्यात सोडायची. मासे तिच्या टाचांना टोचायचे आणि ती पोरीसारखी हसायची. ते हसणं टिकलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं.

उन्हाळा लागला आणि पाणी हिरवं झालं. वास मारायला लागलं. मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. नवरा टाउनशिपच्या सांडपाण्याच्या प्लान्टवर पंप चालवायचा. तिथे घाण पाणी दगडांच्या थरावर हळूहळू सोडतात, दगडांवर चिकट बुळबुळीत थर धरतो आणि तो जिवंत थर पाण्यातली घाण खातो, हे त्याने रोज पाहिलेलं. त्याने तेलाचा रिकामा ड्रम धुऊन आणला, त्यात भट्टीत जास्त भाजून काळ्या पडलेल्या विटांचे तुकडे भरले, वर गोटे टाकले. पंपाने पाणी ड्रमच्या तोंडाशी चढवायचं, ते विटांवरून झिरपत खाली येणार आणि खालच्या नळीतून परत टाक्यात पडणार. शेजारणी म्हणाल्या, संडासाची अक्कल अंगणात आणली. म्हणू देत. काही आठवड्यांत विटांवर थर धरला आणि पाणी निवळायला लागलं.

आणि मग आमची भांडणं सुरू झाली. पंप त्या ड्रमच्या मानाने दांडगा होता. त्याच्या नळीवरचा कॉक पूर्ण उघडला की पाणी विटांवर थांबायचंच नाही, थर खरवडून काढत सुसाट खाली यायचं, नाहीतर ड्रमच्या काठावरून सांडायचं. अगदी बारीक केला तर निम्म्या विटा कोरड्या आणि टाक्यातलं पाणी आहे तिथेच. मधलं काहीतरी हवं होतं. ते मी काढलं, चुलीपाशी बसून. परतीच्या नळीखाली बादली लावायची आणि तव्यावर भाकर टाकायची. भाकर दोन्ही अंगांनी शेकून फुगेपर्यंत बादली भरली, की पाणी बरोबर. तिथे मी कॉकवर चुन्याची खूण केली.

नवरा ड्युटीवरून आला की खूण ओलांडून कॉक उघडायचा. मी बंद करायची.

"कावून कमी केलं तू?"

"भाकरीच्या मापानं केलं."

"पंप मी चालवून राहिलो का तू? जास्ती पानी फिरन, तं जास्ती साफ होईन."

जास्ती! त्या दिवसांत भिलाईत सगळ्यांच्या तोंडी तेवढा एकच शब्द होता. जास्ती खणा, जास्ती ओता, जास्ती उंच चढवा. बाहेर ठीक असेल. पण माझ्या अंगणातल्या बोटाएवढ्या माशांना तुमची जास्ती कशाला? मी भांडी आपटायची, तो जेवण अर्धं टाकून उठायचा. रोजचं होतं ते.

बुद्धजयंती आमच्या अंगणात करायचं ठरलं. सेक्टरातली आपली माणसं येणार होती. मी दुर्गच्या बाजारात गेले होते. परत आले तर अंगणात गोटे आणि विटांचे तुकडे ओळीने वाळत घातलेले, लख्ख. आत्याने अख्खा ड्रम उपसून एकेक तुकडा राखेने आणि काथ्याने घासला होता. कपाळावरचा घाम पुसत ती माझ्याकडे कौतुकाच्या आशेने बघत होती.  मी तेच तुकडे परत ड्रममध्ये भरले.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं, मासे पुन्हा वर आले. मी पाणवठ्यावर गेले असताना नवऱ्याने, अर्थातच, कॉक पूर्ण उघडला. टाक्याच्या तळाचा सगळा गाळ ढवळून वर आला. मी आले तेव्हा निम्म्याहून जास्त मासे उलटे पडले होते आणि पंप घरघरत होता. मी वायर उपटली. नवऱ्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग आत्याकडे वळले.

"तुले कोनी सांगतलं होतं घासाले? चांगलं चाललं होतं ना!"

"बुळबुळीत झालं होतं," ती म्हणाली.

"माय, थे घाण नोहोय," नवरा हळूच म्हणाला. "थे जित्तं होतं. त्यानंच पानी साफ होत होतं."

आत्याने मेलेल्या माशांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आपल्या हातचं पानी घाण हाये म्हने लोक. जनमभर आयकलं. आता लोक आपल्या घरी येतीन अन् बुळबुळीत गोटे पाहतीन, तं काय म्हनतीन?"

माझा तिच्यावरचा राग तिथेच उतरला, पण राग संपला नाही. तो तिच्या अंगावरून पुढे गेला, थेट त्या घाटापर्यंत. ज्यांनी तिला काठावर उभं केलं त्यांच्या घरांत पाण्याचे माठ किती घासले जात होते, ते मला बघायचं होतं.

उरलेले मासे आम्ही घमेल्यात ठेवले. नवीन थर धरायला कितीतरी दिवस लागणार, तोवर तेही मरणार. नवरा म्हणाला, जुन्या तलावातले शेवाळलेले गोटे आणून टाकले तर लवकर धरेल. तो ड्युटीवर गेला. मी आणि आत्या टोपली घेऊन बोरसीच्या वाटेवरच्या तलावाशी गेलो.

घाटावर छत्तीसगढी बायका धुणं धूत होत्या. मी चपला काढून उतरायला लागले. मागे पाहिलं तर आत्या वरच थांबलेली. टोपली दोन्ही हातांनी पुढे धरून, मान खाली घालून. खालच्या कुणीतरी वर आणून द्यावं म्हणून. दीक्षा घेतली, गाव सुटलं, मुलगा कमावता झाला, तरी तिचे पाय वरच थांबले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की वाटलं, एखादा गोटा उचलून कुणाच्या तरी कपाळात घालावा. पण ज्यांच्या घालायचा, ते तिथे नव्हते.

एका धुणं धुणाऱ्या बाईने वर पाहिलं. "उतर न दाई," ती म्हणाली, "काबर ठाढ़े हस?"

का उभी आहेस. एवढंच. एवढं विचारायला आमच्या गावात एक तोंड नव्हतं. बाई पुन्हा कपडे आपटायला लागली.

आत्या उतरली. एकेक पायरी, हाताने दगड चाचपत. गुडघाभर पाण्यात ती उभी राहिली, मग शेवटच्या पायरीवर बसली आणि किती हाका मारल्या तरी उठेना. उठली तेव्हा टोपली भरूनही पदरात गोटे होते, आणि पांढरं लुगडं छातीपासून हिरवं झालं होतं.

घरी आल्यावर तिने ते गोटे स्वतः ड्रममध्ये लावले. मी भाकर टाकली, तिने बादलीकडे बघत कॉक चुन्याच्या खुणेवर आणला. नवरा ड्युटीवरून आला तशी ती त्याला म्हणाली, "याले आता हात नोको लावू, बाबू. अन् मलेबी लावू नोको देऊ."