स्लाइडवरचे काळे ठिपके

निगेटिव्हवर बसलेली धूळ स्कॅनमध्ये पांढरी दिसते आणि स्लाइडवर बसलेली काळी. कण दोन्हीकडे प्रकाशच अडवतो. पण निगेटिव्हचं चित्र नंतर उलटं, म्हणजे काळ्याचं पांढरं करून घ्यावं लागतं, स्लाइडचं नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. बाबांच्या स्लाइड स्कॅन करताना चुकत चुकत कळलं आणि कळल्याचा मला अभिमान वाटू लागला. काळा ठिपका दिसला की ती धूळ, असं मी ठरवून टाकलं होतं.

बाबा शेती खात्यात होते. नव्वदच्या दशकात त्यांची नेमणूक मुरबाड तालुक्यात होती. आम्ही शहापूरला राहायचो आणि ते आठवड्याचे बरेचसे दिवस तिकडेच असायचे. धसईच्या आसपासच्या गावांत आणि डोंगराखालच्या वाड्यांवर संध्याकाळी शाळेच्या भिंतीवर ते प्रोजेक्टरने स्लाइड दाखवत. खोडकिडा, तुडतुडे, करपा पडलेलं पान, लावणीत दोन रोपांमध्ये ठेवायचं अंतर. फोटो स्वतःच काढायचे, स्वतःच्या कॅमेऱ्याने. निवृत्त झाले तेव्हा स्लाइडचे सात डबे घरी आले. दोन डब्यांना बुरशी लागलेली होती.

मी तेव्हा कॉलेज संपवून घरीच होते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे की मुळातल्या स्वभावामुळे, सांगता येत नाही, पण दारात आलेल्या माणसाशी काय बोलावं हे मला सुचत नसे. पाणी देऊन मी आत जात असे. त्यामुळे मामाने त्याचा जुना स्कॅनर आणून दिला आणि बाबा म्हणाले, "बघ जमतं का," तेव्हा एकटीने करायचं काम मिळालं म्हणून मला हायसं वाटलं.

या कामाला माझी एक शिस्त होती. आधी फरशी ओल्या फडक्याने पुसायची. पंखा बंद करायचा, मग कितीही उकडो. थोडा वेळ खोलीत कोणी वावरायचं नाही, म्हणजे हवेतली धूळ खाली बसते. स्लाइड कडेने धरायची, रबरी फुग्याने हवा मारायची, मऊ ब्रशने एकदाच झटकायची. चकचकीत बाजू काचेकडे, मंद बाजू वर. स्कॅनरमध्ये आपोआप धूळ काढायची सोय होती, पण ती पानाच्या बारीक शिराही पुसून टाकायची, म्हणून ती बंद ठेवून मी एकेक ठिपका हाताने काढत असे. त्यासाठी चित्र इतकं मोठं करावं लागे की कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याचा तळहाताएवढा तुकडाच दिसे. दुपारी ठरल्या वेळी वीज जायची, त्याआधी जे होईल ते.

एका बाजाराच्या दिवशी मी बाबांबरोबर भाजीला गेले होते. कंटोळी घेऊन बसलेल्या एका बाईने बाबांकडे निरखून पाहिलं.

"तुमी भिंतीवर किडं दाखवायचं, ते सायेब ना?"

बाबांना फार आनंद झाला. "हो, हो. तू कुठली गं?"

"धसईच्या वरल्या वाडीतली. आता खर्डीला दिलीय." तिने तराजू खाली ठेवला. "माज्या आयेचा फोटू काढला व्हता तुमी, लावणीत. देतो बोलले. दिला नाय."

"राहून गेलं बघ."

"लय वरसं रायलं, सायेब!" ती हसली. आम्हीही हसलो. मग कंटोळी पिशवीत ओतता ओतता ती म्हणाली, "आय गेली औंदा. फोटू नाय तिचा एकपन. मतदानाचं कार्ड व्हतं, ते गळतीत भिजून पांढरं पडलं."

घरी येताना रिक्षात बाबा एवढंच म्हणाले, "तो आधी शोध."

स्लाइड तिसऱ्या डब्यात सापडली. मागच्या-पुढच्या सगळ्या स्लाइड रोपांच्या होत्या. हिच्यात मात्र शेतात उभी असलेली एक बाई होती, कमरेपासून वरची. हातात रोपांची मूठ, कॅमेऱ्याकडे पाहून हसू दाबलेलं, मागे ढगाळ आभाळ. स्लाइडवर बुरशी आणि धूळ भरपूर होती. मी दोन दुपारी तिच्यावर काम केलं. आभाळ स्वच्छ केलं, पदर स्वच्छ केला, चेहराही. कपाळावरचा एक, डोळ्यांच्या कडांचे, हनुवटीवरचे, सगळे ठिपके काढले. कातडी इतकी नितळ आली की माझं मलाच कौतुक वाटलं. शहापूरच्या फोटोवाल्याकडून मोठी प्रत काढून आणली.

पुढच्या बाजारी बाबांनी तिला फोटो न्यायला बोलावलं आणि दुपारी ती घरी आली. पाटी दाराबाहेर ठेवून, हात लुगड्याला पुसून तिने फोटो घेतला. बराच वेळ पाहिला. फोटो थोडा लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"लुगडं आयेचंच हाय," ती म्हणाली. मग, "ही कोन?"

बाबा म्हणाले, "अगं, तुझी आई ना? दुसरा फोटोच नाही."

"माजी आय गोंदलेली व्हती, सायेब. ही कोरी हाय."

मला समजायला एक क्षण लागला. मी आत जाऊ शकले असते, नेहमीसारखी. पण ती फोटो हातात घेऊन बसली होती आणि तो मी केला होता.

"मी काढले ते ठिपके," मी म्हटलं. "मला धूळ वाटली."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "मेल्यावर मानसाचं समदं काढून घेत्यात, बाय," ती म्हणाली. "मनी काढत्यात, जोडवी काढत्यात. गोंदन तेवढं संगं जातं वर. आन तू तेच काढलंस?" आणि मग स्वतःच किंचित हसून, "शिकलेल्यांचा हात लय साफ!"

बाबा खाली मान घालून म्हणाले, "मलाही आठवत नव्हतं गं गोंदण. मी रोपंच बघत होतो तेव्हा."

मूळ स्कॅन मी ठेवला नव्हता. साफ केलेलं चित्र त्याच फाइलवर उतरवलं होतं. ही चूक मी त्यानंतर कधी केली नाही. पण स्लाइड होती. मी तिला म्हटलं, "बसाल का थोडा वेळ? तुमच्यासमोर परत करते."

पंखा बंद केला. तिला खुर्ची दिली, ती खालीच बसली, मग पडदा दिसेना म्हणून हसत खुर्चीवर आली. मी स्लाइड काचेवर ठेवली. स्कॅनरचा दिवा सावकाश सरकत गेला आणि पडद्यावर चेहरा वरून खाली उमटत आला. काहीही न पुसलेला, ठिपक्यांनी भरलेला चेहरा.

"हां," ती म्हणाली. "आली."

पण आता प्रश्न होता की यातली धूळ कुठली आणि आई कुठली. बाबांनी युक्ती सुचवली. स्लाइड काढायची, पुन्हा हवा मारायची, पुन्हा स्कॅन करायचा. धूळ जागा बदलते, गोंदण बदलत नाही. मी तसं केलं आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. गालावरचे बरेचसे ठिपके हलले होते किंवा गेले होते. भुवयांमधला एक तिथेच होता. डोळ्यांच्या बाहेरच्या कडेला दोन्हीकडे तीन-तीन, तेही तिथेच.

तिने पडद्याला बोट लावून सांगितलं, "हे हायत. हे तिचं. हा बी." पडद्यावर बोटाचे डाग उमटत होते, मी पुसले नाहीत. एरवी मी कुणाला जवळ येऊ दिलं नसतं.

हनुवटीशी येऊन तिचं बोट थांबलं. तिथे दोन ठिपके होते, एक मधोमध आणि एक जरासा डावीकडे. दोन्ही स्कॅनमध्ये दोन्ही त्याच जागी.

"एकच व्हता," ती म्हणाली. मग, "का दोन?" तिने माझ्याकडे पाहिलं, जणू मला ठाऊक असेल. "एक का दोन गो?"

मी स्लाइड खिडकीशी नेली, बाबांच्या भिंगाखाली तिरपी धरली. वरची धूळ अशी धरल्यावर चमकते. हा ठिपका चमकला नाही. बाबांनीही पाहिलं.

"बुरशी आतपर्यंत गेली असली तरी अशीच दिसते," ते म्हणाले. "नाहीतर गोंदणच."

"म्हंजे कळनार नाय."

"नाही."

स्वतःच्या हनुवटीवरून तिने बोट फिरवलं, मग डोळे मिटले. मी नजर दुसरीकडे वळवली. ती म्हणाली, "रोज बघत व्हते तिला. मोजलंच नाय कदी."

तिच्या भावकीत आणखी कोणाला आठवत असेल का, असं बाबांनी विचारलं. तिने मान हलवली. आईच्या बरोबरीची कोणी राहिली नव्हती.

वीज जायची वेळ जवळ आली होती. "काढू का तो?" मी विचारलं. "की ठेवू?"

"हात नको लावू," ती पटकन म्हणाली. मग शांतपणे, "एक जास्ती घेऊन गेली वर, तं कोन इचारत नाय. कमी नको."

मी नव्या नावाने फाइल जतन केली. वर आभाळात बुरशीची नक्षी होती, पदरावर धूळ होती. तेवढं तरी साफ करते, असं म्हणणार होते. पण ती आईकडे पाहत होती आणि मला ते म्हणवलं नाही. प्रत तशीच काढली. खर्डीला तिच्या घरी ती तशीच लागली, आभाळभर काळ्या ठिपक्यांसकट.