निळ्या झग्यातला खलाशी

हॉविसचा नवरा आन्स्केतिल हा फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बार्फ्लर बंदरातला साधा खलाशी. जन्मभर खारवलेले मासे खाल्ले, आणि मेला तो मात्र रेशमी झग्यात.

सगळी दारूची करणी. इंग्लंडला निघालेल्या जहाजावर थोरामोठ्यांच्या पोरांनी खलाशांनाही पिंपं उघडून दिली. सेर्लो नावाच्या तरुण सरदाराला वल्हं मारायची हुक्की आली. त्याने आपला निळा झगा आन्स्केतिलच्या अंगावर चढवला आणि स्वतः त्याचा ठिगळांचा सदरा घातला. धक्क्यावर उभी असलेली हॉविस पोट धरून हसली. जहाज बंदराबाहेर पडलं न पडलं तोच खडकावर आपटलं.

मग प्रेतं किनाऱ्याला लागू लागली. माशांनी चेहरे ठेवलेच नव्हते, तेव्हा सरदारांची माणसं कपड्यांवरून ओळख पटवत. निळा झगा दिसताच सेर्लोच्या घरचा कारभारी फुल्क गुडघ्यांवर बसला. "धाकटे धनी!"

"धनी कसले? माझा नवरा आहे तो," हॉविस म्हणाली. "पायाचं वाकडं बोट बघा. नांगर पडला होता त्यावर."

"घोड्याने पाय दिला असेल."

"आणि हाताचे घट्टे?"

"लगामाचे."

"अहो, कपडे बदलले होते त्यांनी! तुमचे धनी याचा सदरा घालून वल्हं मारत होते."

"बाई, मेलेल्या माणसाची अब्रू काढू नकोस."

आन्स्केतिलला मठाच्या चर्चमध्ये, थेट वेदीजवळ पुरलं. प्रार्थना सुरू झाली की डुलकी काढणारा हा गडी. त्याच्यासाठी आता भिक्षू रोज गळा काढत होते. हॉविसला दारातूनच हाकललं; आतून सेर्लोच्या आईचं रडणं तेवढं ऐकू आलं. आपल्या माणसावर मूठभर मातीही टाकता आली नाही, याने तिचं काळीज तुटलं.

पुढे एका भरतीला ठिगळांचा सदरा आला. ठिगळं तिच्याच हातची. फुल्क मोठ्या मनाने म्हणाला, "घे, सापडला ना तुझा नवरा?"

"हात बघा याचे. लोण्यासारखे मऊ आहेत."

"पाण्यात भिजले की सगळ्यांचेच होतात."

प्रेत कुणी ताब्यात घेतलं नाही, तर ते वाळूतच खड्ड्यात टाकत. हॉविसने त्याला गावच्या दफनभूमीत, आपल्या आईबापाशेजारी पुरलं, आणि मातीवर पडून हंबरडा फोडला.

शेजारीण वैतागली. "अगं, तुझा कोण लागतो हा? एवढं कशाला रडतेस?"

"याची आई तिकडे माझ्या माणसावर पडून रडली," हॉविस म्हणाली. "मग तिच्या पोराला रडायला कोण गं?"