पांढरी तीन की काळी दोन

मी एका माणसाला भर कार्यक्रमात, माईकवरून टोमणा मारला. नाव घेतलं नाही, पण कुणाला मारला ते हॉलमधल्या सगळ्यांना कळलं आणि लोक हसले. हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगायचं म्हटलं की माणूस स्वतःची बाजू सावरत बसतो, आणि मला ती सवय आहे.

मी रॉक गाते. वय त्रेपन्न. रबाळ्याला रंगाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. आठवडाभर लोकांच्या बॅचेस रिजेक्ट करते आणि शनिवारी संध्याकाळी गाते. आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा लिफ्टमध्ये विचारलं होतं, "मॅडम, रॉक म्हणजे ते ओरडतात ते ना?" हो बाबा, ओरडतात ते. पण सुरात ओरडतात!

बँडमध्ये आम्ही चौघं. मी, गिटारवर माझा नवरा, एक बेसवाला, एक ड्रमवाला. कॉलेजपासून तीच चौकडी, फक्त केस कमी झालेत. आमचं स्वतःचं एक मराठी गाणं आहे. त्याच्या शेवटच्या ओळीला आवाज वर फेकायचा आणि तिथेच धरून ठेवायचा. ते गाणं पहिल्यापासून पांढरी तीनमध्ये. पेटीवरची तिसरी पांढरी पट्टी म्हणजे आमचा सा. गिटारवाले तिला ई म्हणतात. तीस वर्षांत ती पट्टी आम्ही कधी बदलली नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचे.

ज्याला मी टोमणा मारला तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. आमच्या आधीच्या पिढीतल्या एका बँडचा गायक. सगळे त्याला दादा म्हणतात. श्वास पोटातून कसा घ्यायचा, वर जाताना हनुवटी का उचलायची नाही, माईक तोंडापासून कधी लांब न्यायचा, हे सगळं मला त्याने शिकवलं. त्या वेळी मुलगी रॉक गाते म्हटलं की मुलं शिट्ट्या मारायची. दादा स्टेजच्या कडेला उभा राहायचा, मग कोणी मारायचं नाही.

आता आवाजाचं. लोकांना वाटतं वय झालं की आधी जोर जातो. साफ चूक. जोर शेवटपर्यंत राहतो. आधी जातं ते वरच्या सुरात हळू गाणं. मग श्वास पुरेनासा होतो, ओळीतला शेवटचा शब्द अर्धाच बाहेर येतो. मग लांबवलेला सूर हलायला लागतो. मग गायक युक्त्या करतात. वरची ओळ आली की माईक पब्लिककडे धरायचा, "आता तुम्ही!" म्हणायचं, आणि पब्लिक खूश. मला हा प्रकार कधी आवडला नाही. तिकीट काढून लोकांनीच गायचं काय?

दोन वर्षांपूर्वी रिहर्सलला माझा आवाज त्याच शेवटच्या ओळीवर फुटला. एकदा नाही, लागोपाठ चार वेळा. मी बिल्डिंगच्या जिन्यात जाऊन बसले आणि मागोमाग आलेल्या नवऱ्यासमोर ढसाढसा रडले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरने नाकातून कॅमेरा घातला आणि म्हणाला, गाठबीठ काही नाही, पाळी गेल्यावर बायकांचा आवाज जरा उतरतो, नॉर्मल आहे. नॉर्मल म्हणे! मी ज्येष्ठमध आणला, गरम पाणी सुरू केलं, लोणचं बंद केलं. आणि काय सांगू, पुढच्या महिन्यात तो सूर लागला. धरला, सोडला, पुन्हा धरला. मी तर नाचायचीच बाकी होते. नवरा गिटारकडे बघत म्हणाला, "बघ, आलं ना." त्यानंतर मी भेटेल त्याला ज्येष्ठमध सांगत सुटले.

मागच्या वर्षी वाशीला एका हॉलमध्ये आमच्यासारख्या जुन्या बँडांची एक संध्याकाळ झाली. सगळे पन्नाशीच्या पुढचे. दादा आमच्या आधी होता. तो स्टुलावर बसला आणि माईकवर सरळ म्हणाला, "माझा आवाज आता वर जात नाही. हे गाणं मी दोन सूर खाली गाणार आहे. तुम्हीही जरा खाली या." कोणी हसलं नाही. तो गायला लागला. आवाज जाड झाला होता, कडेने फाटला होता, पण प्रत्येक शब्द जागच्या जागी. पब्लिक मात्र आपापसात बोलायला लागलं. पुढच्या रांगेतले दोघं चहा आणायला उठले. मला दादाचं वाईट वाटायला हवं होतं. मला वाटली लाज. आपल्या माणसाने लोकांसमोर असे हात टेकले, याची लाज.

मग आम्ही. आमच्या गाण्याआधी मी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "हे गाणं आम्ही आजही त्याच पट्टीत गातो बरं का. पट्टी उतरवायची वेळ आली की मी घरी बसेन, स्टूल घेऊन येणार नाही." लोक हसले, शिट्ट्या पडल्या. मी गायले. शेवटचा सूर एवढा लांब धरला की ड्रमवाल्याला थांबावं लागलं. अख्खा हॉल उभा राहिला. दादाही. तो कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होता. नंतर तो मागच्या खोलीत आला, नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मी पर्समधून ज्येष्ठमधाची काडी काढली आणि म्हटलं, "दादा, घेत जा. फरक पडतो." त्याने ती खिशात ठेवली.

पुढे दोन-तीन महिन्यांनी सोसायटीच्या भजनी मंडळातल्या मावशींनी मला क्लब हाऊसमध्ये हाक मारली. या मावशी इथल्या मूळच्या. आमची बिल्डिंग जिथे आहे तिथे त्यांची भातशेती होती. पेटी छान वाजवतात, हळदीची गाणी खणखणीत म्हणतात. दुपारची वेळ, क्लब हाऊस रिकामं. म्हणाल्या, "बाय, तुजं गानं बोल ना एकदा. मना आयकायचं हाय." मला काय, मी तयारच. गायला सुरुवात केली, आणि मावशींची बोटं पेटीवर माझा सूर शोधायला लागली. सापडला.

"काली दोन हाय तुजी," त्या म्हणाल्या.

"नाही हो मावशी, पांढरी तीन. तीस वर्षं."

"ही बघ, काली दोन." त्यांनी पट्टी दाबून धरली. तिसऱ्या पांढरीच्या अलीकडची काळी. बरोबर अर्धा सूर खाली.

मी म्हटलं, साथ नसली की होतं असं, माणूस खालचा सूर उचलतो. तुम्ही पांढरी तीन द्या. त्यांनी दिली. मी गायले, आणि शेवटच्या ओळीला आवाज फुटला. जिन्यात बसून रडले होते त्या दिवशी फुटला तसाच, त्याच अक्षरावर. मी म्हटलं, तुमची पेटी जुनी आहे, चढली असेल. मावशी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पेटी खोटी नाय बोलत, बाय."

घरी आले. नवरा भाजी आणायला गेला होता. त्याची गिटार भिंतीला टेकवलेली होती. मोबाईलवर सूर मोजणारा ट्यूनर लावला आणि जाडी तार छेडली. अर्धा सूर खाली. दुसरी, तिसरी, सहाही तारा. सगळ्या बरोबर अर्धा सूर खाली. एखादी तार आपोआप उतरते, सहा तारा मोजूनमापून उतरत नाहीत. कपाटावरची दुसरी गिटार काढली. तीही तशीच.

आमच्या कंपनीत प्रत्येक शेडचं एक मास्टर कार्ड असतं. नवी बॅच त्याच्या शेजारी धरून बघायची, जुळली तर पास. पण मास्टर कार्डच फिकं पडलं तर फिकी बॅचही पास होते, आणि बघणाऱ्याला वाटतं आपली नजर काय शार्प आहे! माझ्या कानाचं तसंच झालं होतं. गिटार उतरली, बेस उतरला, मी त्यांच्याबरोबर उतरले आणि ज्येष्ठमधाला श्रेय देत बसले.

नवरा पिशव्या घेऊन आत आला. मी जाडी तार पुन्हा छेडली. त्याने पिशव्या खाली ठेवल्या.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"बाकीच्या दोघांना माहीत आहे?"

"बेस उतरवावाच लागतो ना."

इतकं साधं उत्तर! मी तोंडाला येईल ते बोलले. वेडी समजलात का मला, तिघं मिळून माझ्या पाठीमागे हसत होतात का, काय नाही ते. मग तो म्हणाला, "तू त्या जिन्यात काय म्हणालीस आठवतं? गाणं गेलं की मी फक्त डबा भरणारी बाई उरेन. मी काय करायला हवं होतं?"

"सांगायला हवं होतंस!"

"सांगितलं असतं तर उतरवून गायली असतीस?"

नसते गायले. घरी बसले असते. तेच तर मी माईकवर सगळ्यांना ऐकवलं होतं, अर्धा सूर खाली उभी राहून. तेव्हा मला दादा आठवला. आवाज उतरला याचं दुःख होतंच, ते आजही आहे. पण ज्याने खरं सांगितलं त्याला मी खोट्याच्या जोरावर सगळ्यांसमोर खाली बसवलं, हे मला झोपू देईना. नवऱ्याशी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी बोलले, कारण गॅस संपला.

रविवारी सकाळी उलव्याला गेले. रिटायर झाल्यावर दादा आणि वहिनी तिकडे राहायला गेलेत. नवरा म्हणाला, मीही येतो. म्हटलं नको, हे मलाच करायचंय. वहिनींनी दार उघडलं, पोहे टाकते म्हणाल्या. दादा बाल्कनीत पेपर वाचत होता. मी बसलेसुद्धा नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पेटी, ट्यूनर, सहा तारा, सगळं. आणि म्हटलं, "दादा, मी चुकले. फार वाईट बोलले तुला."

तो म्हणाला, "अगं बस. मला तेव्हाच कळलं होतं."

"काय?"

"तुमची गिटार उतरवलेली आहे ते. तुझ्या नवऱ्याची बोटं ईच्या जागी, आणि आवाज खालचा. पहिल्या कॉर्डलाच कळलं."

म्हणजे मी बोलले तेव्हा नाही, तरी मी गायला लागले तेव्हापासून हा माणूस सगळं जाणून उभा होता. माझ्या हातून ज्येष्ठमध घेताना जाणून होता.

"मग तोंडावर का नाही मारलंस माझ्या?"

"तुझा नवरा माझ्याकडे बघत होता. डोळ्यांनी हात जोडत होता बिचारा. आणि तू इतकी खूश होतीस."

मला संताप आला. सगळ्यांनी मला सांभाळायचं आणि मी सगळ्यांना तुडवत जायचं! मी म्हटलं, "ते काही नाही. पुढच्या कार्यक्रमात मी माईकवरून सांगणार, सगळं. आणि तू माझ्याबरोबर गायचंस. तू म्हणशील त्या पट्टीत."

"मी आता नाही गात गं."

"कधीपासून?"

तो पेपरची घडी घालत बसला. वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन आल्या होत्या. त्याच म्हणाल्या, "वाशीच्या त्या कार्यक्रमापासून."

"तुझ्यामुळे नाही," दादा घाईने म्हणाला. "तुझं बोलणं मी विसरलो केव्हाच. पण एक बघितलं मी. मी खाली गातो असं सांगितलं, तर लोक चहाला उठले. तुमचंही खालीच होतं, पण कोणी सांगितलं नाही, तर लोक उभे राहिले. म्हणजे आवाज कोणी ऐकतच नव्हतं. मग गायचं कुणासाठी?"

मी खूप बोलले. माझं ऐक, मावशींचं ऐक, त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं, कान असलेले लोक आहेत अजून. तो मान हलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बघू." तीस वर्षं ओळखते मी त्याला. तो 'बघू' म्हणतो तेव्हा ते नाही असतं. वहिनी समोर बसल्या होत्या म्हणून पोहे संपवले.

वहिनी लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. मी बटण दाबलं. त्या हळूच म्हणाल्या, "कार्यक्रमाचं जाऊ दे गं, त्याचं मला काही नाही. हे आंघोळीला गेले की गायचे. लग्न झाल्यापासून, रोज. आता आत नुसतं पाणी पडतं."

लिफ्ट आली, दार उघडलं, आणि मी आत न जाताच ते बंद झालं.