डोईवरची पाटी

बरणीतलं खडेमीठ पाझरलं, की त्या ओलसर वासासरशी मी संस्थानी जव्हारच्या बाजारात पोचते. आमच्या मिठाच्या दुकानासमोर मुंबईच्या कंपनीनं मोठं दुकान थाटलं होतं. तिथं मीठ स्वस्त, म्हणून त्या बाजारच्या दिवशी आमच्याकडे सकाळपासून कुणी फिरकलं नव्हतं. दुपारी आमची नेहमीची साखरशेत गावची म्हातारी भरली पाटी ओढत दारात आली.

"मीठ तठं घेतलं, दादा. पन पाटी डोईवर द्याया तठं कोन उठं ना."

मला संताप आला. बाबा मात्र उठले. तिची चुंबळ नीट बसवून त्यांनी पाटी चढवली.

"सांभाळून जा गं बाय."

तेव्हा बाबा मला हरलेले दिसले. आज तसे दिसत नाहीत. पुढच्या बाजारी म्हातारी थेट आमच्याकडे आली, रिकामी पाटी घेऊन.